सगळा देश हिरवा होईपर्यंत

सुकूदेबुवांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायला कुणी थांबत नसे. रंगकामाची कंत्राटं घेणारा हा गृहस्थ. कुठल्याही घरात शिरला की आधी भिंतीवर तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "सुकू दे." घरमालक हातापाया पडो नाहीतर पाहुणे सामानासकट दारात उभे राहोत, बुवांचं पालुपद एकच. ओल्या भिंतीला ब्रश लावणं त्यांच्या लेखी पाप होतं. त्यांनी रंगवलेल्या भिंतीचा कधी पापुद्रा निघाला नाही, हेही तितकंच खरं.

एक भिंत मात्र त्यांच्या हातून कधी रंगली नाही, ती त्यांच्याच बैठकीच्या खोलीतली. तिच्यामागून पाण्याचा नळ जायचा, त्यामुळे ती पुरती कोरडी अशी व्हायचीच नाही. भेगांत लांबी भरून, घासून गुळगुळीत केलेली ती भिंत वर्षानुवर्षं पांढरीफटक उभी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बायकोनं बोलणं सोडून दिलं होतं आणि भिंतीसमोर दोन खुर्च्या टाकल्या होत्या.

बायकोच्या मनात दुसरीच गोष्ट होती. तिची थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन दूरच्या एका अवाढव्य देशात गेलेली. दर आठवड्याला दोघी फोनवर बोलायच्या. अलीकडे अक्काच्या कानांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. यंत्र बसवलं तरी फोनवर तिला नुसती खरखर ऐकू यायची, आणि उरलेलंही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग इकडून बायको ओरडायची. अक्काला सोडून सगळ्या इमारतीला सगळं कळायचं. खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात बुवांना विचारायचा, "अक्कांचं गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे?"

"आपण जाऊन येऊ या," बायको म्हणाली.

"जाऊ की," बुवा म्हणाले. "पण ऋतू बघून. एवढं लांब जायचं तर देश नीट बघून यायचं. अर्धी भिंत रंगवून घरी येणारा माणूस नाही मी."

आणि त्यांनी त्या पांढऱ्या भिंतीवर पेन्सिलीनं अक्काच्या देशाचा नकाशा काढला. हेतू चांगला होता, नाही कोण म्हणतो? वर बर्फाचा मुलूख, त्यातच अक्काचं गाव. डावीकडे वाळवंट, मधोमध नद्या, खाली समुद्र. मग रंगीत खडू आले. थंडी असेल तिथे निळा, उकाडा तिथे लाल, वादळपाऊस तिथे करडा आणि हवा चांगली असेल तिथे हिरवा. सगळा देश एकाच वेळी हिरवा झाला की निघायचं, असं ठरलं. ठरवलं बुवांनी, पण ठरलं.

हवेची बातमी पुरवायचं काम अक्काच्या नवऱ्याकडे होतं. साडूभाऊंची उभी हयात धान्याच्या गोदामात ओलं काय आणि कोरडं काय हे बघण्यात गेलेली. दोघांचं गूळपीठ जमायला वेळ लागला नाही.

"आत्ता मुळीच येऊ नका," साडूभाऊ फोनवर म्हणायचे. "नद्या फुगल्यात."

बुवा खुशीत मधला भाग करडा करायचे. नद्या ओसरेपर्यंत खाली वादळं सुरू व्हायची. वादळं शमली की वर बर्फ पडायचं. बर्फ वितळेपर्यंत वाळवंट असं पेटायचं की तिथे माणसानं का राहावं हेच साडूभाऊंना कळायचं नाही. बुवा ओल्या फडक्यानं एक रंग पुसायचे आणि दुसरा भरायचे. कधी नव्हे तो एकदा एक चिंचोळा पट्टा सोडून सगळा देश हिरवा झाला, तर तिथे डास होते.

"डास किती मोठे?" बायकोनं विचारलं.

"डासांचा प्रश्न नाही," बुवा म्हणाले. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्यातच एका सकाळी बायकोनं फोन लावला. "अक्का, मी येणार आहे तुझ्याकडे," ती ओरडली. पलीकडून अक्का म्हणाली, "अगं, बोल ना. गप्प का आहेस?" बायको पुन्हा ओरडली. खालच्या शिंप्यानं मशीन थांबवली. अक्का म्हणाली, "लागला नाही वाटतं फोन," आणि तिनं तो ठेवून दिला. बायकोनं फोन खाली ठेवला आणि भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बुवा कामावरून परतले ते भिजूनच. हवा अशी दमट होती की त्यांनी दोन घरमालकांना "सुकू दे" म्हणून वाटेला लावलं होतं. दार उघडताच ताज्या रंगाचा वास आला. बायको शिडीवर उभी होती. त्यांच्याच शिल्लक डब्यातला हिरवा रंग तिनं रोलरनं वरपासून खालपर्यंत फासला होता. नदी, वाळवंट, समुद्र, काही म्हणून शिल्लक नव्हतं.

"अगं, ह्या हवेत?"

"हो."

"भिंत ओली आहे."

"माहीत आहे. हात लावून बघितलाय मी."

"पापुद्रे निघतील."

"निघू देत. परत रंगवू." ती शिडीवरून उतरली. तिच्या कपाळावरही हिरवा रंग लागला होता. "सगळा देश हिरवा झाला की निघायचं म्हणालात ना? झाला. आता तिकिटं काढा. मला अक्काला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती जिन्यात ओरडण्यासारखी नाही."

बुवा ओल्या कपड्यांनीच परत बाहेर पडले. तिकिटं मिळाली ती नेमकी ऐन थंडीतली, म्हणजे अक्काचा मुलूख निळाशार असतानाची.

जाताना बुवांनी तोंड फुगवलं होतं, आणि पोचल्यावर त्यांना त्याचं समर्थनही मिळालं. बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढलेलं. समुद्राकडे जाणारी गाडी बंद, वाळवंटाकडची तर लांबच राहिली. बुवांनी तो अवाढव्य देश पाहिला तो एका खिडकीतून, आणि त्यातही बहुतेक शेजाऱ्याची मोटार, तीसुद्धा छतापुरतीच.

"मी सांगितलं होतं," साडूभाऊ म्हणाले.

"तुम्ही सांगितलं होतं," बुवा म्हणाले. दोघंही समाधानानं चहा प्यायले.

स्वयंपाकघरात मात्र दोघी बहिणी सकाळपासून बोलत होत्या. बायको अक्काच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची, अगदी हळू, आणि अक्का मान डोलवायची. मध्येच दोघी हसत सुटायच्या. एकदा बुवा पाणी प्यायला उठले तर दोघी एकमेकींचे हात धरून रडत होत्या. ते पाणी न पिताच परत आले.

जेवताना न राहवून ते म्हणाले, "अक्का, आम्ही चुकीच्या ऋतूत आलो."

बायकोनं ते तिच्या कानात सांगितलं. अक्का हसली.

"छे हो. उन्हाळ्यात खिडक्या सताड उघड्या असतात. गाड्या, पोरं, कुत्री. त्या गलक्यात मला एक अक्षर कळत नाही. बर्फ पडलं की सगळं चिडीचूप होतं. वर्षातून तेवढंच काय ते मला माणसाचं बोलणं ऐकू येतं."

इतके दिवस बुवा ज्या निळ्या खडूला घाबरले होते, त्याच निळ्यात ही बाई बहिणीची वाट बघत बसली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी साडूभाऊंकडे पाहिलं, तर साडूभाऊ आमटीत काहीतरी शोधत होते.

परत आल्यावर हवा दमटच होती, आणि भिंतीनं आपला शब्द पाळला. वरच्या कोपऱ्यात, जिथे अक्काचं गाव होतं तिथेच, पहिला पापुद्रा सुटला. बायको खुर्चीवर बसून फोनवर अक्काचं बोलणं ऐकत होती. आता ती ओरडत नसे. अक्का बोलायची, ती ऐकायची. शिंप्याला महिनाभर काहीच कळलं नव्हतं आणि तो बेचैन होता.

बुवा बाहेरून आले, शिडी लावली आणि हिरव्या रंगाचा डबा उघडला.

"हात लावून बघा आधी," फोनवर तळवा ठेवत बायको म्हणाली. "ओली असेल."

"असू दे," बुवा म्हणाले. "पुढच्या थंडीची तिकिटं काढून आलोय. साडूभाऊंना सांग, खिडक्या घट्ट लावून ठेवा म्हणावं."

आणि त्यांनी ओल्या भिंतीवर ब्रश टेकवला.