मी रिकामा उभा आहे

उमरग्यात हायवे सोडून बाजाराकडे वळलात की डाव्या हाताला एक निळे शटर लागते. ते उघडे असेल तर दाराच्या अगदी तोंडाशी तुम्हाला कमरेत वाकलेला एक लोखंडी स्टँड दिसेल. दवाखान्यात सलाईनची बाटली ज्यावर टांगतात, तो. तो मी. माझ्या डोक्यावर चार हूक आहेत आणि आज चारही रिकामे आहेत. मित्रांनो, आपापली कहाणी सांगणाऱ्या वस्तू शेवटी बहुधा विनवतात की आम्हाला वापरा, अडगळीत टाकू नका. मी विनवणार नाही. माझे मागणे वेगळे आहे, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

माझा जन्म कोणत्याही नामांकित कारखान्यात झाला नाही. हायवेच्या कडेला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका वेल्डरने पाण्याच्या पाइपातून मला उभे केले आणि मी कलंडू नये म्हणून पायाशी ट्रकचा झिजलेला ब्रेक ड्रम जोडला. त्यामुळे इतर स्टँडांसारखा मी चाकांवर घरंगळत नाही. नव्याने दवाखाना थाटलेल्या डॉक्टर नारायणरावांनी मला चंदेरी रंग दिला आणि खिडकीशी उभे केले.

दोनच वर्षांनी, त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या सकाळी, त्यांनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातले आणि सास्तूरला नेले. जिथे काल गाव होते तिथे दगड होते. एका शिवारात, ताडपत्रीखाली, माझ्या चार हुकांना चार बाटल्या लागल्या आणि चार नळ्या चार हातांत गेल्या. रक्त वाहून गेलेली, पाण्याचा थेंब पोटात न गेलेली माणसे माझ्या पायाशी निजली होती. थेंब पडत होते आणि नारायणराव मनगटे धरून नाडी मोजत होते. त्या दिवसांत मला कळले की मी कशासाठी आहे. पुढे ते मी विसरलो.

विसरायला लावणारी गोष्ट पिवळी होती. सलाईनमध्ये जीवनसत्त्वांचे इंजेक्शन मिसळले की बाटली हळदीसारखी पिवळी होते, आणि आमच्या भागात त्या पिवळ्याची लोकांना भूल पडली. पेरणीआधी एक, ऊसतोडीला निघण्याआधी एक, थंडीतापात दोन. बाटली लागली तरच आजार खरा. बाटली लागली की पाहुणे केळी घेऊन भेटायला येत आणि एरवी क्षणभर न टेकणाऱ्या सुनेलाही तासभर आडवे होता येई. कशी नाही म्हणणार ती माणसे? आणि नारायणराव तरी कसे म्हणणार? छातीला नळी लावून, पोट दाबून, अर्धा तास विचार करून सांगितलेल्या शब्दाला कुणी मोल देत नव्हते. दवाखान्याचे भाडे, वीज, कंपाउंडर ईरण्णाचा पगार, सारे माझ्याच हुकांना लोंबकळत होते. एकदा सुट्टीत आलेल्या लेकीला ते म्हणाले, “लोक अक्कल विकत घेत नाहीत, चारू. बाटली घेतात.” ते हसून म्हणाले खरे, पण नंतर बराच वेळ हात धूत राहिले.

मला मात्र ती वर्षे गोड लागली. बाकावरची माणसे माझ्याकडे देवळाच्या कळसाकडे पाहावे तशी पाहत.

नारायणराव गेले आणि लातूरहून शिकून आलेली त्यांची लेक, डॉक्टर चारुशीला, त्यांच्या खुर्चीवर बसली. पहिल्याच आठवड्यात तिने सांगून टाकले की गरज असल्याशिवाय सलाईन लागणार नाही.

“नुसतंच बघितलं,” एक म्हातारा उठता उठता म्हणाला. “सुई न्हाय, बाटली न्हाय. मग पैसे कशाचे, मॅडम?”

“बघितल्याचेच, बाबा.”

“बघायला काय, मी बी तुमाला बघितलं की. माजे कुठायत?”

बाक हसला. चारुशीलाही हसली, पण बाटली लागली नाही. महिनाभरात तो बाक अर्धा झाला. मी धुळीत उभा राहिलो आणि तिच्यावर धुमसत राहिलो. मला वाटे, माझ्या बापाने, त्या वेल्डरने, मला ओझे वाहायला घडवले आहे. ही कोण मला पोरके करणारी?

मग लग्नसराईतली ती दुपार आली.

रणधीर नावाचा एक धिप्पाड शेतकरी आपल्या आईला दोन भावकीतल्यांच्या आधाराने घेऊन आला. म्हाळसाबाई तिचे नाव. तिचे पाय सुजून चपलेबाहेर आले होते आणि दोन शब्दांमध्ये तिला श्वास घ्यावा लागत होता.

“परवा पोरीची हळद हाय, मॅडम,” रणधीर म्हणाला. “अशक्तपणा लई आलाय हिला. दोन पिवळ्या लावा अन् हुबी करा. काल एका ठिकाणी दोन लावल्या, पर गुण न्हाय आला.”

चारुशीलाने म्हातारीला आडवे होऊ दिले नाही. पाठीशी उशा लावून बसवले, छाती ऐकली, पायाच्या सुजेत बोट रुतवून पाहिले आणि नाकाला प्राणवायूची नळी लावली.

“हा अशक्तपणा नाही,” ती म्हणाली. “हृदय थकलंय. अंगातलं पाणी त्याला फेकवत नाही, म्हणून ते फुप्फुसात साठलंय. त्यात मी आणखी बाटली लावली तर त्या बसल्या जागी बुडतील. लघवीवाटे पाणी काढायचं इंजेक्शन देते आणि चिठ्ठी देते. आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्या.”

“दाखल केल्यावर हळदीला कोण बसंल? बाटली लावा तुमी.”

“नाही लावणार.”

ती इंजेक्शन भरायला आतल्या खोलीत गेली. तेवढ्यात ईरण्णा, तीस वर्षे या दवाखान्यात राबलेला, कुणाचे वाईट न चिंतणारा माणूस, माझ्याजवळ आला. त्याने पिवळी बाटली माझ्या हुकाला अडकवली, नळी ओढली आणि तिचे टोक म्हातारीच्या हाताला नुसतेच चिकटपट्टीने डकवले. आत सुई नव्हती, नळीचा चाप घट्ट बंद होता. रणधीरचा चेहरा लगेच निवळला. किती दिवसांनी माझ्या हुकाला वजन आले होते. मित्रांनो, खरे सांगतो, मी सुखावलो.

चारुशीला बाहेर आली आणि जागीच थांबली.

“चालू न्हाय केली, अक्का,” ईरण्णा तिच्या कानाशी पुटपुटला. “नुसती टांगलीय. त्येंचं समाधान हुतंय, आपला दवाखाना ऱ्हातोय. कुणाचं काय जातंय?”

मी तिच्याकडे पाहत होतो. एक खोटी बाटली. तेवढ्याने बाक पुन्हा भरला असता, शटर उघडे राहिले असते. तिलाही ते दिसत होते.

“नुसती टांगली तरी लोकांच्या लेखी ती लागलीच, काका,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “उद्या हे दुसरीकडे जाऊन सांगतील, मॅडमनी पण लावली होती. मग तो डॉक्टर खरीच लावेल.” तिने चिकटपट्टी सोडवली, बाटली माझ्या हुकावरून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग शांतपणे म्हातारीला इंजेक्शन दिले.

रणधीरला आपण फसवले गेल्याचे तेव्हा कळले. त्याने चारुशीलाला हात लावला नाही. हात लावला तो मला. पायाशी ब्रेक ड्रम असलेल्या मला त्याने अर्धे उचलले आणि उंबऱ्यावर आपटले. माझा पाइप कमरेत वाकला. भावकीतला एकजण बाकाला लाथ मारत म्हणाला, “कसा चालतो दवाखाना, बगतोच.”

“रणधीर,” म्हाळसाबाई नळीखालून बोलली. शब्द सुटे सुटे पडत होते. “लोखंडाशी काय भांडतोस? काल बाटली लावल्यापासनं मला आडवं पडल्यावर दम कोंडायलाय. तुमी म्हणला, ताकद चढायलीय.” तिने श्वास घेतला. “हितं बसून जरा बरं वाटायलंय. चिठ्ठी घे अन् जीप आण.”

रणधीर चारुशीलाने लिहून दिलेली चिठ्ठी न वाचताच खिशात कोंबून जीप आणायला गेला.

म्हाळसाबाई वाचली. पण आठ दिवस ती सोलापूरला खाटेवर होती; नातीला हळद लागली ती आजीवाचून. गावात सांगितले गेले की मॅडमनी एक बाटली लावली असती तर म्हातारी मांडवात असती. आभार मानायला कुणी आले नाही. बाक आणखी ओस पडला. कोणी काही म्हणो, मी त्या म्हातारीच्या श्वासाशेजारी उभा होतो. माझ्या हुकावर टांगलेला तो पिवळेपणा तिच्या हातात खरोखर शिरला असता तर मी काय ठरलो असतो, हे मी आता विसरणार नाही. ज्या शिवारात मी जीव राखले, त्याच्याशी मी बेइमानी करत होतो आणि त्यालाच मान समजत होतो. ते संपले.

ईरण्णा चार दिवस मान वर करत नव्हता. मग एका सकाळी म्हणाला, “अक्का, ह्येला भंगारात घालू या. डोळ्यांपुढं हाय म्हणून लोक मागत्यात.”

चारुशीलाने मला फडक्याने पुसले. “हगवणीनं सुकलेलं पोर आलं तर काय करायचं, काका? याला दारात ठेवू. लोकांना दिसू दे, आहे, आणि तरी उगाच लावत नाही.”

दोघांनी मिळून मला ओढत दाराशी आणले. मित्रांनो, तेव्हापासून मी इथे आहे. तुम्ही आजारी पडाल, घरची माणसे काळजीने म्हणतील, बाटली लावा. तेव्हा एवढे करा, डॉक्टरांना आधी तुमची छाती ऐकू द्या, प्रश्न विचारू द्या. त्या ऐकण्याला मोल द्या. ते कुठल्याही हुकाला टांगता येत नाही. आणि कुणी ‘नाही’ म्हणाले तर ते तुमच्यासाठी काय पणाला लावून म्हणतात, याचा क्षणभर विचार करा. मला गरजेला हाक मारा, मी कमरेत वाकलेला असलो तरी चार बाटल्यांचे वजन आजही पेलीन. हौसेसाठी मात्र मला हात लावू नका.

आज बाकावर तिघे आहेत. त्यांतला एक आत्ताच उठला, माझ्या वाकलेल्या कमरेकडे बघत चारुशीलाला म्हणाला, “तीन दिस झालं ताप हाय. बाटली लावता का?”

“तपासून सांगते,” ती म्हणाली.

त्याने एकदा रस्त्याकडे पाहिले. मग चपला काढल्या आणि आत येऊन तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला.