दोन पुढाऱ्यांची सावली

संसदेची निवडणूक आटोपली, तशी बसऱ्याच्या बाजारात खजूर विकणाऱ्या उम्म सिनानने एकमेकांचं तोंडही न पाहणाऱ्या दोन पुढाऱ्यांचे कापडी फलक उतरवले, एकाला एक शिवले आणि दुकानावर सावली केली. दुसऱ्याच दिवशी त्यातल्या एकाच्या पक्षाचा कार्यकर्ता मुहन्नद तिच्या अंगावर धावून आला.

"खाला, आमच्या साहेबांना त्या चोराशेजारी बसवतेस? उसव आधी!"

तिने टाके उसवून सावली उतरवली आणि सात महिने डोक्यावर ऊन घेत खजूर विकत बसली. शेवटी त्याच दोघांनी मिळून सरकार बनवलं. मुहन्नद दोन नवेकोरे फलक घेऊन हसत हसत आला.

"खाला, मिरवणूक आहे. एवढे जोडून दे ना!"

तिने सुईत दोरा ओवला.

"देते की. पण उसवायला कधी येणार ते आत्ताच सांग, त्या बेताने टाके घालते."