इंजन थांबवायची खूण

"दोरी काय मिळत न्हाई," वाल्मीक मुकादम दारातूनच म्हणाला. "दोरीच्या जागी एक मानूस येणार हाय."

दुपारच्या सुट्टीत भाकरीची फडकी सोडून बसलेल्या बायका त्याच्याकडे बघत राहिल्या. चतुराबाईने केसांतली रुई झटकली.

"मग त्याला काय दोरीसारखं टांगायचं?"

बायका पोट धरून हसल्या. वाल्मीकलाही हसू आवरेना. पण निरोप खरा होता. मॅनेजर किशनरावांनी नांदेडकडे कुणा राधाकिशनजींचं व्याख्यान ऐकलं होतं. हा माणूस कापसाच्या जिनाजिनांतून फिरतो, कामगारांना कामाचं महत्त्व पटवतो आणि तो बोलून गेला की माल वाढतो, अशी त्याची ख्याती होती. किशनरावांनी त्याला येत्या शनिवारी सेलूला बोलावलं होतं.

दोरीची मागणी बायकांनी दिवाळीपासून लावून धरली होती. जिनात सोळा रेचे, म्हणजे सरकी वेगळी करायची यंत्रं, आठ-आठच्या दोन ओळी. प्रत्येक रेच्यापुढे एक बाई बसून मुठीमुठीने कापूस सोडायची. चामड्याचा रूळ पात्याखालून रुई ओढून घ्यायचा, सरकी खाली पडायची. इंजन सुरू झालं की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून जिनातल्या बायका हातांनी बोलत. पाणी हवं, पोर रडतंय, मॅनेजर आला, सगळ्याला खुणा होत्या. दोन्ही मनगटं डोक्यावर आडवी धरली की इंजन थांबवा. ती खूण चतुराबाईने करायची, कारण ती बायांची नाईक होती. दारातला वाल्मीक तिच्याकडे बघणार, मग बाहेर वळून लाल फडकं हलवणार, आणि पलीकडच्या शेडमधला इंजनवाला पट्टा उतरवणार. दोघांपैकी एकाची नजर चुकली की संपलं. म्हणून बायकांना ओळीच्या डोक्यावरून एक दोरी हवी होती. कुणीही ओढावी आणि शेडमध्ये घंटा वाजावी.

चतुराबाईने हे मागणं एकदाही मोठ्याने केलं नव्हतं. रोज सकाळी कामाला बसताना ती वाल्मीकला एवढंच विचारायची, "आली का दोरी?"

शनिवारी सकाळच्या गाडीने राधाकिशनजी आले. खादीचं धोतर, पांढरी टोपी, डोळ्यांवर चष्मा. जिनापुढच्या अंगणात सतरंजी घातली होती, इंजन बंद होतं. आवाजावरून चतुराबाईला काही कळलं नाही. कळलं ते मानेवरून. किशनराव त्यांची ओळख करून देत होते, तेव्हा राधाकिशनजींनी उन्हाची तिरीप चुकवायला मान वळवली, आधी हनुवटी आणि मग सगळा चेहरा, सावकाश.

ही मान तिने एकदाच अशी वळताना पाहिली होती. आठ वर्षांपूर्वी, पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या हंगामात, परभणीकडच्या एका जिनात. तेव्हा हा टोपीवाला नव्हता. काळा कोट घालायचा, मालकाला हुजूर म्हणायचा, आणि दारात मुकादम म्हणून उभा असायचा; बायकांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं. चतुराबाईची लेक दैवशाला तेव्हा पंधरा वर्षांची होती, शेवटच्या रेच्यावर बसायची. तिचा पदर रुळात गेला. चतुराबाई सहा रेचे अलीकडे होती. त्या जिनातली खूण वेगळी होती, उजवा पंजा उताणा डोक्यावर ठेवायचा. तिने तो ठेवला. मुकादमाने बघितलं. नजरेला नजर मिळाली. मग त्याने उरलेल्या कापसाच्या ढिगाकडे बघितलं, स्टेशनात माल भरायला वॅगन उभी होती, आणि हनुवटी वळवून बाहेर बघू लागला.

चतुराबाई स्वतः इंजनापर्यंत पळाली. एकतीस पावलं. तोवर दैवशालाचा हात खांद्यापर्यंत गेला होता. नवव्या दिवशी ती गेली.

अंगणात राधाकिशनजी आता हात जोडून उभे होते. त्यांचं बोलणं खरंच चांगलं होतं. हैदराबादची राजवट गेली, निजाम गेला, आता आपण मुंबई राज्यात आलो, पण मनातली गुलामी गेली का, असं त्यांनी विचारलं. काम म्हणजे पूजा, असं सांगितलं. मग ते जरा थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बायांनो, एक गोष्ट सांगतो. मी एका जिनात मुकादम होतो. एक पोर कामावर पेंगली, पदर रुळात गेला. मी धावलो, ह्या हातांनी पट्टा उतरवला. पण उशीर झाला होता. त्या जिनात एवढ्या बाया होत्या. एकीनं जरी हात वर केला असता, तर ती पोर आज लेकुरवाळी असती. तुम्ही दोरी मागता म्हणे. लक्ष हीच खरी दोरी."

किशनरावांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. केशरबाई, दुसऱ्या ओळीतली, हुंदका देऊन म्हणाली, "पेंगली असंल बिचारी."

दैवशाला पेंगली नव्हती. ती गाणं म्हणत होती. तिचे ओठ हलताना चतुराबाईने सहा रेच्यांवरून बघितले होते.

नारळ आणि उपरणं देऊन सत्कार झाला. उपरणं नवंकोरं होतं, लांबलचक, किशनरावांनी ते गळ्याला एक वेढा देऊन घातलं, दोन्ही टोकं गुडघ्यापर्यंत आली. मग पाहुण्यांना चालू जीन दाखवायचं ठरलं. बाकीच्या बायकांना अंगणात पेढे वाटायला लावले, आणि चतुराबाईला एक रेचा चालवून दाखवायला सांगितलं.

जिनात शिरताना पदर खोचायचा, बाराबंदीची टोकं आत घ्यायची, हा नियम. येणाऱ्याला तो सांगायचं काम नाईकबाईचं. सात हंगाम चतुराबाईने तो प्रत्येकाला सांगितला होता, एकदा तर मालकाच्या जावयालाही. त्या दिवशी ती दाराशी उभी राहिली, राधाकिशनजी शेजारून गेले, उपरण्याची टोकं त्यांच्या गुडघ्यांवर हेलकावत होती, आणि तिने काही सांगितलं नाही.

इंजन सुरू झालं. जिनाचा आवाज भिंतींना भिडला. चतुराबाई रेच्यापुढे बसली आणि कापूस सोडू लागली. किशनराव काहीतरी समजावत पुढे चालत गेले, त्यांची पाठ इकडे होती. राधाकिशनजी मागे रेंगाळले. शेजारचा रेचा रिकामाच फिरत होता. त्याचा रूळ जवळून बघावा म्हणून ते वाकले.

उपरण्याचं टोक पात्याखाली गेलं.

रूळ कापडाला एकदम ओढत नाही. घसरतो, धरतो, पुन्हा घसरतो. वेढा गळ्याला आवळला, आणि राधाकिशनजींनी दोन्ही हात रेच्याच्या लाकडावर रोवून अंग मागे रेटलं. त्यांचं तोंड उघडलं होतं. आवाज कुणालाच ऐकू येणं शक्य नव्हतं. दारात वाल्मीक होता, पण रेच्याच्या आडोशामुळे त्याला फक्त चतुराबाई दिसत होती.

चतुराबाईने मूठ उचलली, कापूस सोडला. एक. दुसरी मूठ. दोन. ती त्यांच्याकडे बघत होती आणि हात थांबले नव्हते. सहा. सात. त्यांची टोपी पडली. आठ.

बाराव्या मुठीला त्यांनी उजवा हात लाकडावरून सोडला. हात सोडताच मान वीतभर पुढे ओढली गेली, तरी त्यांनी तो उचलला आणि पंजा उताणा डोक्यावर ठेवला.

सेलूच्या जिनात ही खूण कुणालाच ठाऊक नव्हती. वाल्मीकने बघितली असती तरी त्याला वाटलं असतं, पाहुणे डोकं खाजवतायत. इथे तिचा अर्थ कळणारी एकच बाई होती, आणि ती कापूस सोडत होती. तेरा. चौदा. त्यांनी तिच्याकडे बघितलं. नजरेला नजर मिळाली. तिने हनुवटी वळवली, सावकाश, आणि खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर एक गाडीवान बैलांना पाणी दाखवत होता. सतरा. अठरा.

एकोणिसाव्या मुठीला तिने कापूस तसाच मांडीवर टाकला आणि दोन्ही मनगटं डोक्यावर आडवी धरली.

फडकं हललं. पट्टा उतरला. रूळ आणखी दोन फेरे फिरून थांबला, आणि त्या शांततेत राधाकिशनजींच्या श्वासाचा आवाज सगळ्यात मोठा झाला. वाल्मीकने कोयत्याने उपरणं कापलं. बायका हातातल्या पेढ्यांसकट धावत आल्या. गळ्याभोवती लाल वळ उठला होता, चष्मा फुटला होता, बाकी माणूस धड होता. किशनराव सारखं म्हणत होते, चतुराबाई, तुम्ही वाचवलंत, तुम्ही होतात म्हणून वाचलं.

तिने तांब्या भरून आणला. राधाकिशनजी दोन्ही हातांनी तो धरून घोट घेत होते, तेव्हा ती त्यांच्यापुढे उकिडवी बसली आणि हळू बोलली, शेजारणीलाही ऐकू जाणार नाही असं.

"खूण ध्यानात हाय की तुमच्या."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मी एकोणीस मुठी मोजल्या," ती म्हणाली. "माझ्या लेकीसाठी मला इंजनापातुर एकतीस पावलं लागली व्हती. ती पेंगली नव्हती. हे दुसऱ्या कुठल्या गावाला सांगू नका."

दुपारच्या गाडीने ते गेले. पुढच्या आठवड्यात त्यांचं गंगाखेडला व्याख्यान होतं, ते झालं नाही असं किशनरावांच्या बोलण्यात आलं. त्यानंतर त्यांचं नाव त्या बाजूला कुणी घेतलं नाही.

संध्याकाळी सगळ्या बायका गेल्यावर वाल्मीक दाराशी घुटमळत राहिला.

"अक्का, तुमी खिडकीतून भाईर बघायल्या व्हत्या. मला दिसलं."

"व्हय."

"मग हात उशिरा का वर केला?"

चतुराबाईने खोचलेला पदर सोडला, झटकला, पुन्हा डोक्यावर घेतला. "उशिरा न्हाई केला," ती म्हणाली. "बाराव्या मुठीला त्येंनी हात वर केला. त्याच्या आत केला असता, तर लौकर झाला असता."

वाल्मीकला काही उमगलं नाही. त्याने ते कुणाला सांगितलंही नाही.

आठ दिवसांत दोरी आली. चार महिने बायकांनी मागून जी मिळाली नव्हती, ती एका पाहुण्याच्या मानेला वळ उठल्यावर मालकाने स्वतः माणूस पाठवून बसवून घेतली. चांगला पिळाचा सुंभ, आढ्याला कप्प्या, शेडमध्ये पितळी घंटा. केशरबाईने पहिल्यांदा ओढून बघितली, घंटा वाजली, बायका पोरींसारख्या हसल्या.

चतुराबाई शेवटच्या रेच्यावर जाऊन बसली. हात वर केला. दोरी तिच्या हाताला लागत होती. मग तिने खांदे पाडले, पाठ जराशी वाकवली, पंधरा वर्षांची पोर बसते तेवढी बुटकी होऊन बसली आणि पुन्हा हात वर केला. बोटं चार अंगुळं खाली राहिली.

रुळात अडकलेला उपरण्याचा तुकडा तिने त्या दिवशी काढून कोनाड्यात ठेवला होता. तो तिने आणला, उभी राहिली, आणि दोरीला निरगाठ मारून खाली सोडला. खाली बसून, खांदे पाडून, एकदा हात लावून बघितला. लागला.

"आता चालू करा म्हनावं," तिने वाल्मीकला खुणेनं सांगितलं.