ट्रकच्या दारावरचा आकडा

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याला ठामपणे एका बाजूला उभं राहावं लागतं. डेल्मर क्रुपिकाचा हा क्षण सहा महिने चालला आणि त्यातला बराचसा काळ तो आमच्या टेबलाशी बसून होता.

"डिझेल," रोलंड म्हणाला. "यात विचार करण्यासारखं आहे काय?"

"पेट्रोल," एव्हरेट म्हणाला. "याचं काय ऐकतोस? याचं चाललं तर हा दाढीचं मशीनसुद्धा डिझेलचं घेईल."

हॅस्केल गावच्या सहकारी पेट्रोल पंपावर आम्ही चौघं रोज सकाळी सहाला कॉफीला जमतो. नेब्रास्काच्या या टोकाला त्यानंतर दिवसभर विशेष काही घडत नाही. रोलंड शेती मुलाच्या हवाली करून मोकळा झालेला, एव्हरेट निवृत्त प्लंबर, मी शाळेत इतिहास शिकवायचो. आणि डेल्मर धान्याच्या कोठारावर एकोणचाळीस वर्षं वजनकाट्याशी होता. मक्यानं भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, डेल्मर खिडकीतून आकडा वाचायचा. जास्त भरलेला ट्रक त्यानं कधी रस्त्यावर जाऊ दिला नाही. एकदा सख्ख्या भावाच्या हातात फावडं देऊन त्यानं वरचा मका उपसायला लावला होता. त्यानंतर भाऊ नाताळला यायचा बंद झाला. डेल्मरच्या मते तो स्वभावानंच तिरसट होता.

त्या ऑगस्टात डेल्मरनं अठ्ठावीस फुटी ट्रेलर घेतला. पलंग, चूल, न्हाणीघर, सगळं चाकांवर. विकणाऱ्यानं तो स्वतःच्या ट्रकनं ओढत आणून डेल्मरच्या अंगणात उभा केला आणि हात हलवून निघून गेला. डेल्मरकडे ओढायला ट्रक नव्हता. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे याच क्रमानं घेतात. ट्रेलर बायको एका दुपारी पसंत करते. ट्रक नवरा करतो, आणि त्याला वेळ लागतो.

ट्रेलर अर्लीनसाठी होता. डेल्मरची बायको तेहतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाच्या ताटात तिनं वाढलेलं आहे. आता तिची फुप्फुसं आकसत चालली होती. नाकाला नळी आणि खुर्चीमागे गुरगुरणारं ऑक्सिजनचं यंत्र. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुठं जायचं असेल तर लवकर जाऊन या. गाव तिच्या दाराशी घरी भाजलेल्या जेवणाची झाकलेली कॅसरोलं ठेवून जायचं आणि मान एका बाजूला कलती करून विचारायचं, "आता कसं वाटतंय?"

"मला एक आठवडा अशा ठिकाणी जायचंय," ती मला म्हणाली होती, "जिथं मला बघून कुणाची मान वाकडी होणार नाही. युटात लाल डोंगर आहेत म्हणे. डोंगरांना काय माहीत मी कोण ते."

युटाच्या वाटेवर रॉकी पर्वत आडवा येतो. अकरा हजार फुटांवरच्या खिंडीत हवा विरळ होते आणि पेट्रोलचं इंजिन धापा टाकायला लागतं. डिझेल तिथंही ओढतं, शिवाय उतारावर गाडीला मागं खेचून धरतं. रोलंडचं हे म्हणणं खरं होतं. रोलंडचं एखादं म्हणणं खरं असलं की तो असह्य होतो.

पण प्रत्येक ट्रकच्या दाराच्या आतल्या कडेला एक स्टिकर असतं. माणसं, सामान आणि ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकवर टेकतो त्याचा भार मिळून या ट्रकवर किती वजन घालता येईल, त्याचा आकडा. डेल्मरनं पसंत केलेला ट्रक पेट्रोलचा घेतला तर सत्तावीसशे पौंड. तोच डिझेलचा घेतला तर दोन हजार, कारण डिझेलचं इंजिन स्वतःच जड. हे स्टिकर देशात कुणी वाचत नाही. डेल्मरनं वाचलं.

"दांड्याचा भार साडेअकराशे," त्यानं वही उघडून वाचलं. "जोडणीचं लोखंड शंभर. जनरेटर, बॅटऱ्या आणि तिचं यंत्र दोनशे अठरा. हत्यारं दीडशे. मी दोनशे बेचाळीस. अर्लीन एकशे एकाहत्तर. डिझेलच्या ट्रकला एकतीस पौंड जास्त होतायत."

"एकतीस?" रोलंड हसला. "अरे, एवढं तर माझं कुत्रं भरतं!"

"तू पोट कमी कर की," एव्हरेट म्हणाला.

"केलं. दोनशे साठ होतो."

"मग चल तसाच. कोण थांबवून मोजणार आहे तुला?"

"जास्त म्हणजे जास्त," डेल्मर म्हणाला आणि वही मिटली.

ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे कॅसरोलाचं रिकामं भांडं न्यायला गेलो होतो. तेव्हा स्वयंपाकघराच्या मधोमध वजनाचा काटा ठेवलेला होता आणि अर्लीन त्यावर उभी होती.

"नळी वर उचलून धर," डेल्मर म्हणाला. "ती यंत्राच्या वजनात धरलीये, दोनदा मोजली जाईल."

"धरते. दात काढून ठेवू का?"

"एकशे सहासष्ट."

"बघ, पाच पौंड सोडले तुझ्या ट्रकसाठी." ती माझ्याकडे वळली. "लग्नात यानं मला इतकं निरखून पाहिलं नव्हतं."

डेल्मर लिहीत होता. ती काट्यावरून उतरली, दम खायला थांबली, आणि मग तिचा आवाज बदलला.

"डेल, पेट्रोलचा घे. उद्याच जा आणि घेऊन ये. खिंडीत इंजिन ओरडलं तर ओरडू दे. मी ओरडतेय का?"

"आणि उतारावर ब्रेक तापले तर?"

"तर खाली लवकर पोचू."

मी हसलो. डेल्मर हसला नाही. "तुला बरोबर घेऊन मी तो उतार अंदाजानं उतरायचा?" तो म्हणाला. "ते मला जमणार नाही, अर्लीन."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "याला उताराची भीती वाटते. मी कुठं चाललेय ते याला दिसत नाहीये." मी भांडं घेऊन निघालो.

हिवाळा सुरू झाला. ट्रेलरच्या छतावर बर्फ साचायचा, डेल्मर शिडी लावून तो झाडायचा. दर सोमवारी तो टेबलाशी यायचा आणि आकडा सांगायचा. नोव्हेंबरच्या मध्यावर एकोणीस जास्त. महिनाअखेर, टर्कीच्या सणानंतर, सतरा; दोनच उतरले, कारण सणाला ती थोडं जेवली होती. नाताळात अकरा. हवामानाचा अंदाज ऐकावा तसं आम्ही ते ऐकायचो. मधल्या दिवसांत पेट्रोल की डिझेल हा वाद असायचाच. वाद फार छान चालला होता, तेही सांगायला हवं. एव्हरेट छापील तक्ते आणायचा, रोलंड त्यांवर कप ठेवायचा. गावात इतका चांगला विषय बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. हवा तो ट्रक घे आणि निघ, असं डेल्मरला सांगणं सोपं होतं. आमच्यापैकी कुणी सांगितलं नाही.

जानेवारीत डेल्मर म्हणाला, "सहा."

"मग काय," रोलंड म्हणाला, "आता महिनाभरात बसेल—"

आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. तो उठून कप भरायला गेला. कप भरलेलाच होता.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी डेल्मर टोपी न काढताच बसला.

"बसतंय," तो म्हणाला. "एकशे एकोणचाळीस. एक पौंड शिल्लक राहतो."

मग सहा महिने पेट्रोलची बाजू लढवणारा एव्हरेट खाली बघत म्हणाला, "मग डिझेलच घे, गड्या."

मार्चमध्ये ट्रक आला. एप्रिलच्या नऊ तारखेला, सकाळी दहाला, ते निघाले. डेल्मरनं ट्रेलरभोवती तीन फेऱ्या मारून प्रत्येक साखळी ओढून पाहिली. अर्लीननं ओठ रंगवले होते. खिडकीतून ती मला म्हणाली, "गावाला सांग, आता कॅसरोलं तुझ्याकडे पाठवा म्हणावं."

पुढचं डेल्मरनं नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. चौसष्ट मैलांवर ती म्हणाली, आज एवढं पुरे. नदीकाठी ट्रेलर उभे करायचा एक तळ होता. तिथल्या ऑफिसात एका बाईनं नाव लिहून घेतलं आणि सहज विचारलं, तुम्ही काय करायचात?

"नाच शिकवायचे," अर्लीन म्हणाली. "शिकागोत."

बाईची मान सरळच राहिली. तिनं विचारलं, माझी नात चार वर्षांची आहे, आत्ताच शिकवायला घालू का? अर्लीननं मधे मधे दम घेत तिला पाच-सात मिनिटं सल्ला दिला. पायांची घाई करू नका, आधी उभं राहायला शिकवा, वगैरे.

"मी शेजारी उभा होतो," डेल्मर म्हणाला. "मला खरंच वाटायला लागलं."

संध्याकाळी दोघं बाहेर खुर्च्या टाकून बसले. तिनं अर्धी वाटी सूप घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात हलवले, तिनंही हलवले. सकाळी तिला श्वास पुरेना आणि डेल्मरनं ॲम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचर घेऊन दोघं आले. त्यातला एक, टक्कल पडलेला, पोट सुटलेला, दारातच थबकला.

"मिसेस क्रुपिका? शाळेतल्या?" त्याची मान एका बाजूला कलली. "आता कसं वाटतंय?"

अकराव्या दिवशी तिथल्याच हॉस्पिटलात ती वारली. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण झालं. बावीस कॅसरोलं होती, मी मोजली.

मे महिन्यात एका सकाळी डेल्मर पुन्हा टेबलाशी येऊन बसला. रोलंडनं, आमच्याकडे नवा ट्रक घेतलेल्या कुणालाही विचारतात, ते विचारलं.

"कसा ओढतो रे?"

डेल्मरनं कप दोन्ही हातांत धरला होता. डिझेलवाले जे उत्तर देतात, तेच त्यानं दिलं.

"मागं काही आहे असं वाटतसुद्धा नाही."

रोलंडनं मान हलवली. हॅस्केलपासून त्या तळापर्यंतच्या चौसष्ट मैलांत चढ एकच आहे. रेल्वेवरचा पूल.