सोळा वेळा हाक

सोप्या कामाचा विचका करायलाही अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे भरपूर आहे. डिचोलीला एका खाण कंपनीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर प्रिंटरात अडकलेला कागद ओढून काढतो आणि साहेबांना ‘बंद करून परत चालू करा’ असं गंभीर चेहऱ्याने सांगतो. पण आमच्या हळर्णात मला इंजिनीयर म्हणतात. मीही कधी कुणाला दुरुस्त करायला गेलो नाही.

दोन हजार दहा साली आमच्याकडे ब्रॉडबँड आलं आणि मी एक विद्या शिकलो. झोपलेला कॉम्प्युटर लांबून उठवायची विद्या. तो झोपला तरी त्याचं नेटवर्क कार्ड एक डोळा किलकिला ठेवून पडलेलं असतं. प्रत्येक कार्डाला स्वतःचा एक नंबर असतो. तो नंबर एका संदेशात सोळा वेळा लिहून पाठवला की कार्ड म्हणतं, अरे, ही तर आपल्यालाच हाक! आणि घरातला डबा घुर्र करून जागा होतो. मी हे डिचोलीच्या ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत करायचो आणि घरी फोन लावायचो.

“आये, बघ, पेटला काय?”

“पेटलो. आता कितें करूं?”

“काही नको. मी परत झोपवतो.”

“मगे उठवलो कित्याक?”

उठवला कशाला, हे मलाही माहीत नसायचं. मी हसून फोन ठेवायचो. आईला तंत्रज्ञान कळत नाही, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत असे.

आता गौरवीचं सांगतो. गौरवी माझी बायको. भूगोलात एम. ए., बी. एड., तेही पहिल्या वर्गात. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली आणि त्या चौदा वर्षांत तिने आमच्या घराचा, गोठ्याचा आणि माझ्या आईच्या संधिवाताचा भूगोल पाठ केला. नोकरीचं बघू, बघू, असं मीच म्हणत राहिलो. मग पणजीच्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात भूगोलाची जागा निघाली. त्या संस्थेची वयाची अट चाळीस, आणि गौरवीला मार्चमध्ये चाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे हीच पहिली संधी आणि हीच शेवटची. मुलाखतीला नमुना पाठ घ्यायचा होता, नववीच्या खऱ्या वर्गावर.

तिने विषय घेतला आमचीच नदी. तिळारीच्या खोऱ्यातून येते, हळर्णच्या किल्ल्याखालून वळते आणि मोरजीला समुद्राला मिळते, ती. तीन आठवडे ती स्लाईडी बनवत होती. किल्ल्यावर चढून फोटो काढले, होडीतून जाऊन काठाची माती दाखवणारे फोटो काढले. रोज संध्याकाळी मला म्हणायची, “अहो, एकदा पाठ ऐका ना. वीसच मिनिटं.” मी म्हणायचो, “पाठ काय ऐकायचा? स्लाईड दाखव. हा फॉण्ट बरोबर नाही.” तीन आठवड्यांत मी तिचे फॉण्ट सात वेळा बदलले. पाठ एकदाही ऐकला नाही.

मुलाखत नेमकी नवमीला आली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सकाळी निघताना गौरवी म्हणाली, “पेन ड्राइव्हवर घेते हं.”

“पेन ड्राइव्ह?” मी असा हसलो की आज आठवलं तरी मलाच माझ्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. “पेन ड्राइव्हात व्हायरस असतो. आणि नवरा कशाला आहे? ऑफिसचा लॅपटॉप आहे, डाटा कार्ड आहे. तिथे बसून घरचा कॉम्प्युटर उठवतो आणि फाईल खेचून घेतो. मुख्याध्यापकांनासुद्धा कळू दे, कुठल्या घरची बाई आलीय.”

“पण...”

“पण नाही नि बिण नाही.”

तिने पेन ड्राइव्ह परत खणात ठेवला. तेवढ्यात आई, म्हणजे आमची प्रभावतीबाई, झेंडूची टोपली घेऊन कुजनातून, म्हणजे स्वयंपाकघरातून, बाहेर आली. तिला सरस्वतीची पूजा मांडायची होती. “परेश, पूजेक कितें कितें ठेवूं रे?”

मी बुटाची नाडी बांधत होतो आणि आपण केवढे मोठे, या विचारात होतो. “ज्ञानाची जेवढी साधनं आहेत तेवढी सगळी ठेव. दरवर्षी विचारतेस काय?”

हे वाक्य मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

पणजीला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. अकराला पाठ. शिपाई सगुण याने गौरवीला वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसवलं; मी लॅपटॉपची पिशवी घेऊन मागाहून आलो आणि खांबाआड बसलो. आत प्रोजेक्टर तयार होता. मुख्याध्यापिका विनोदिनी बाई चष्म्यावरून बघून म्हणाल्या, “फाईल आणलीय ना?” गौरवीने माझ्याकडे बघितलं. मी खांबाआडून छाती काढून पाच बोटं दाखवली, आणि ती म्हणाली, “पाच मिनिटांत येतेय.” बाईंना वाटलं असेल, कुणी माणूस फाईल घेऊन येतोय.

लॅपटॉप उघडला, डाटा कार्ड लावलं, हाक पाठवली. काही नाही. परत पाठवली. काही नाही. नंबर तपासला, बरोबर. परत. गौरवी हळूच म्हणाली, “काय झालं?” मी म्हटलं, “नेटवर्क स्लो आहे.” हे वाक्य आमच्या धंद्यात सगळ्या पापांवर पांघरूण घालतं.

पावणेअकरा झाले तेव्हा मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन घरी फोन लावला.

“आये, हॉलात कॉम्प्युटरला हिरवी वात दिसते काय बघ.”

“हॉलात खंयचो कॉम्प्युटर?”

“म्हणजे?”

“तो पूजेत आसा. तुवेंच सांगितलंस मरे, ज्ञानाचीं सगळीं साधनां ठेव म्हणून. दत्तारामान उचलून दिलो. पाटार बसना नाय, म्हणून चौरंग काढलो. हार घातलो, हळद-कुंकू लावलां. काय बरो दिसता!”

हळद-कुंकू कुठे लावलंस, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

“आये, तो आत्ताच्या आत्ता परत जाग्यावर ने!”

“खुळो काय रे? सरस्वतीसमोर ठेवलेलां उद्या सकाळपर्यंत हलवूचां नाय. तुझ्या बापाशीन शाळेचां पुस्तकसुद्धा कधी हलवूंक दिलां नाय.”

“गौरवीची फाईल आहे त्याच्यात! पंधरा मिनिटांत तिचा पाठ आहे!”

आईचा आवाज एकदम बदलला. सुनेला ती चेडू म्हणते, म्हणजे मुलगी. “गौरवीचां काम? मगे आधी सांगूक काय झालां तुका? देवी काय चेडवाच्या शाळेआड येतली? थांब.”

दत्ताराम शेजारी, तो तोवर मयेला सासुरवाडीला गेला होता. पासष्ट वर्षांच्या माझ्या आईने तो डबा एकटीने चौरंगावरून उतरवला, गोणपाटावर ठेवला आणि ओढत हॉलात आणला. हे सगळं मी फोनवर ऐकत होतो. मध्येच ती देवीची माफी मागत होती आणि मध्येच मला शिव्या घालत होती, त्यामुळे कुठलं वाक्य कुणाला आहे ते कळत नव्हतं.

“जाडी काळी वायर मागे लाव! जाडी! नाही, ती स्क्रीनची! आता निळी! निळी वायर चौकोनी भोकात! टक् असा आवाज आला पाहिजे! आला? आला काय आये?” मी व्हरांड्यात नाचत होतो. एवढ्यात घंटा झाली. मागे वळून बघतो तर बाकावर गौरवी नव्हती.

“टक् वाजलां,” आई म्हणाली. “हिरवी वात पेटली. हांगा मुखार एक मोटो बटण आसा. दाबूं?”

आता कुठलाही शहाणा माणूस काय म्हणाला असता? दाब म्हणाला असता. आई कॉम्प्युटरच्या पुढ्यात बसलेली, बटण तिच्या बोटापासून चार इंचांवर, आणि बायकोची चौदा वर्षांनी आलेली एकच संधी आत वर्गात उभी. पण मी ओरडलो, “नको! हात लावू नको! मी इथून उठवतो!”

“अरे, मी हांगाच आसां मरे!”

“हात लावू नको म्हणतो ना! सगळं सेटिंग बिघडेल!”

कसलं सेटिंग आणि कसलं काय! मी हाक पाठवली. उठला नाही. परत पाठवली. नाही. आमचा तो डबा असा आहे की वायर एकदा पुरती काढली की त्याचं कार्ड सगळं विसरतं, आणि पहिल्यांदा हाताने चालू केल्याशिवाय त्याला हाक ऐकूच येत नाही. हे त्याच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. पुस्तक मी वाचलं नव्हतं, पण ते पूजेत मात्र होतं.

“उठलो नाय,” आई म्हणाली.

“उठेल! थांब!” मी आणखी दहा-बारा वेळा हाक मारली. “उठ रे, उठ मेल्या!” असं तोंडानेही ओरडलो. शेवटी तिकडून नुसता घुर्र असा आवाज आला.

“उठला! बघ, म्हटलं नव्हतं?” मी उडीच मारली.

“मी दाबलां बटण,” आई शांतपणे म्हणाली. “तुझी वाट बघीत बसले तर गौरवी रिटायर जायत.”

आता फक्त फाईल खेचायची होती. मी लॅपटॉप घेऊन वर्गाच्या खिडकीशी धावलो, तिला खूण करावी म्हणून. आणि तिथेच थांबलो.

प्रोजेक्टर बंद होता. गौरवीने पदर खोचला होता आणि फळ्यावर नदी काढली होती. खडूच्या एकाच रेघेने, डोंगरापासून समुद्रापर्यंत, हात न उचलता. ती पोरांना विचारत होती, “हळर्णच्या किल्ल्यापाशी नदी अशी का वळते? सरळ का जात नाही? कोण सांगेल?” एक मुलगी उठली, चुकली. गौरवी म्हणाली, “छान चुकलीस. आता दगडाचा विचार कर.” मुलगी परत बोलली आणि या वेळी बरोबर बोलली, आणि अख्खा वर्ग असा खुलला की मागे बसलेल्या विनोदिनी बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. फोनवर आई विचारत होती, “आता कितें करूं?” मी म्हटलं, “काही नको, आये.” आणि फोन बंद केला.

मी तिथे खिडकीला चिकटून उरलेला सगळा पाठ ऐकला. आमच्या घराखालून वाहणारी नदी मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा समजली. हा आवाज, ही हुशारी चौदा वर्षं माझ्या घरात होती आणि मी तिचे फॉण्ट बदलत बसलो होतो. मला लाज वाटली. चांगली, कान तापवणारी लाज.

गौरवी बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत खडूने पांढरी झाली होती. “बाई म्हणाल्या, सोमवारी मूळ कागदपत्रं घेऊन या. पत्र तयार ठेवते म्हणाल्या.” मग तिला एकदम रडू आलं आणि तिने खडूच्याच हाताने डोळे पुसले.

“फार सुंदर शिकवलंस,” मी म्हटलं. “ती दगडाची गोष्ट...”

“तुम्ही ऐकलंत?” तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. “ऐकलंत कधी? पहिली दहा मिनिटं तर सगळा वर्ग तुम्हालाच ऐकत होता. ‘निळी वायर भोकात,’ ‘उठ मेल्या.’ पोरं हसून हसून बेजार. विनोदिनी बाईंनी विचारलं, बाहेर कोण माणूस ओरडतोय?”

“मग? तू काय सांगितलंस?”

“मी म्हटलं, ओळखत नाही.”

मी लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.

“त्यांनी शिपायाला सांगितलं होतं तुम्हाला बाहेर काढायला,” ती म्हणाली. “तेवढ्यात तुम्ही आपणहून गप्प झालात. सोमवारी मी एकटीच येते. नाहीतर गेटाच्या बाहेर थांबा, रस्त्याच्या पलीकडे. त्यांना वाटायला नको की मी खोटं बोलले.”

सोमवारी मी ऑफिसातून रजा घेतली. पणजीच्या उन्हात रस्त्याच्या पलीकडे एका झाडाखाली दीड तास उभा राहिलो. सगुण शिपाई गेटातून माझ्याकडे संशयाने बघत होता. गौरवी नेमणुकीचं पत्र हातात घेऊन बाहेर आली, त्याच्याशी हसून दोन शब्द बोलली आणि माझ्याकडे न बघता, अनोळखी बाईसारखी, बसस्टॉपकडे चालू लागली. मी वीस पावलं अंतर ठेवून तिच्या मागून गेलो.