पातळ ताक

"त्याले पाणी पाजू नको वं. पाण्यानंच पोट वाहून राह्यलं त्याचं," आजी आईचा हात धरून म्हणाली.

आईने गडवा खाली ठेवला. माझा धाकटा भाऊ शेषराव तिच्या मांडीवर पडला होता. नुकता चालायला लागलेला. हगवणीने त्याचे डोळे आत गेले होते. रडायचा, पण आसवं येत नव्हती. त्याला मेहकरच्या दवाखान्यात न्यायला बाबा दमणी शोधत फिरत होते. पण लगीनसराईमुळे जानेफळातल्या साऱ्या बैलगाड्या बाहेरगावी गेलेल्या.

तेवढ्यात शेजारची झुंबरमाय आली. एकटी बाई. भाजीचा मळा करायची, एक म्हैस पाळायची. तेव्हा आमच्याकडे ताक कोणी विकत नसे. सकाळी तिच्या रवीचा आवाज थांबला, की गल्लीतली आम्ही पोरं तिच्या दारात. ताक वाढून झालं, की ती बोटावरचं लोणी एकेकाच्या ओठाला लावायची. तसं लोणी पुन्हा कुठे मिळालं नाही.

तिने शेषरावकडे पाहिलं, घरी गेली आणि पातळ ताकात मीठ घालून घेऊन आली.

"मारतं काय पोट्ट्याले?" आजी कडाडली.

झुंबरमाय खाली बसली. "माह्या दयारामले असंच झालं होतं, आत्याबाई. पाणी मांगे. सासूबाई नाई म्हणे, म्हून मी बी नाई देल्लं. जीव जाईपर्यंत त्याची नजर मडक्यावरच होती."

दयाराम हे नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आजीने आईचा हात सोडला.

झुंबरमायने पोराला मांडीवर घेतलं आणि शिंपल्याने एकेक घोट पाजू लागली. पहिलं ताक त्याने ओकून टाकलं. आईला रडू आलं.

"ओकू दे. थांबून पुन्हा देऊ," झुंबरमाय म्हणाली.

ऊन उतरत गेलं. ताक संपलं तशी आजीच उठली, तिने चुलीवर तांदळाची पेज ठेवली.

शेषराव वाचला, आता त्याला नातवंडं आहेत. मला मात्र ती संध्याकाळ आठवते. बाबा दमणी घेऊन आले, तेवढ्यात सकाळपासून लघवीच न झालेला तो झुंबरमायच्या मांडीवर मुतला.

"झुंबरमाय, लुगडं बदलून घ्या," आई म्हणाली.

"राहू दे. डोळा लागला त्याचा."

दमणी मेहकरच्या वाटेला लागली, तेव्हा ती त्याला घेऊन दमणीत ओल्या लुगड्यानिशी तशीच बसली होती, मांडी जराही न हलवता.