मधली दोन घरं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. डोक्यावर कागद धरायचा लोखंडी चिमटा. परीक्षेला नेता ना तुम्ही, त्यातलीच. सुताराने मला मऊ लाकडातून घडवलं आणि तिथेच घोटाळा झाला. माझ्यावर कोणी जोर देऊन लिहिलं की कागद निघून जातो, वळ माझ्या अंगावर राहतो.

माझे मालक एका वर्तमानपत्रासाठी दर रविवारचं शब्दकोडं रचत. चाळीस वर्षं त्यांनी मला मांडीवर घेतलं. त्यांची एक रीत होती. चार कोपऱ्यांत एकाच गोतावळ्यातले चार शब्द पेरायचे आणि मधल्या दोन घरांत त्या चौघांचा म्होरक्या बसवायचा. म्होरक्याला सूचना द्यायची नाही. आजूबाजूचे शब्द सुटले की तो आपोआप उगवे. "मधला शब्द सापडेपर्यंत चहा गार झाला!" अशी वाचकांची पत्रं येत. मग मालक खूश, आणि माझ्या चिमट्याला तेल.

घरात मालक, त्यांची मुलगी ताई आणि ताईची आई. धाकटा मुलगा तीन वर्षांचा असताना उघड्या फाटकातून बाहेर गेला आणि पलीकडच्या कालव्यात बुडाला. तेव्हा ताई आठ वर्षांची. अंगणात खेळून शेवटची तीच आत आली, फाटक तिनेच उघडं टाकलं, असं सगळे धरून चालले. तिला कोणी रागावलं नाही. मालक तर त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याने पोरीला आतून पोखरलं. तिने पुढे कधी कोणाचं मूल कडेवर घेतलं नाही. दाराची कडी तीनदा तपासल्याशिवाय ती जागची हलत नसे.

मला मात्र खरं ठाऊक होतं. कोडं रचताना मालकांचा हात मधल्या दोन घरांत थबके. तिथे ते दोन अक्षरं लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत आणि शेवटी दुसराच शब्द बसवत. रबराने कागद स्वच्छ होई. मी होत नसे.

मालक गेले. पुढच्या रविवारी त्यांचं शेवटचं कोडं छापून आलं. ताईने ते पान माझ्या चिमट्यात अडकवलं आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. समोर आई शेंगा सोलत होती.

पहिला कोपरा सुटला: फाटक. ताईची पेन्सिल अडली. मग कडी. मग अडसर. मग कुलूप.

"बघ आई, जाता जाता बोललेच," ताई म्हणाली. "मधे दोनच घरं आहेत. 'ताई' बरोबर बसतं."

"आधी सोडव तरी. अर्ध्या कोड्यावरून कोणाला फाशी देऊ नये."

ताईने वरून उतरणारा शब्द भरला, हमी. त्याचं शेवटचं अक्षर मधल्या पहिल्या घरात पडलं. मग खाली जाणारा, चटई. त्याचं पहिलं अक्षर दुसऱ्या घरात.

मीच.

तिने चिमटा उघडला. पान काढताना तिचा अंगठा माझ्या मधल्या खाचांना लागला. तिने मला खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं. उन्हात सगळे वळ उठून आले. एकावर एक, वर्षानुवर्षांचे: मीच, मीच, मीच.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "त्या दुपारी ते कोड्याचं पाकीट टपालात टाकायला गेले होते," ती म्हणाली. "परत कधी आले, मी विचारलंच नाही गं."

"अडतीस वर्षं, बाबा," ताई म्हणाली. "एकदा तोंडाने सांगायचं होतंत."

मित्रांनो, ताई आता कडी एकदाच तपासते. पण रोज ती मला मांडीवर घेते आणि खाचांवरून बोट फिरवते. तेव्हा मालकांचा हात पुन्हा माझ्यावर टेकल्यासारखा वाटतो आणि माझा जीव कासावीस होतो. जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार होते. पण त्याआधी एक करा. कडी तुमच्या हातून राहिली असेल आणि ओझं दुसरंच कोणी वाहत असेल, तर आजच त्याच्यापाशी जाऊन सांगा. मला सांगून काय उपयोग? मला सगळं ठाऊक होतं, आणि ती पोर माझ्यासमोर रोज कडी तपासत होती.